विमानाचं टोपडं

यिशुन, सिंगापूर, ४ ऑक्टोबर २०२५

चि. यशोधन,

आशीर्वाद. 'अनेक उत्तम' लिहिणार होते, पण चार वर्षं तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस, तेव्हा सध्या एकच घे. बाकीचे नंबर उघडलास की पाठवीन.

कुरियरने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझा मेहुणा प्रबोध बरा आहे. बँकेतून आला की बाल्कनीतल्या कुंड्यांशी बोलत बसतो. कुंड्या मध्ये बोलत नाहीत, म्हणून.

माझ्या लेकीने, म्हणजे तुझ्या पायलट वल्लरीने, फॅमिली ग्रुपवर दसऱ्याचे फोटो टाकले. (ग्रुपची मालकीण पुण्याची अनघा असल्यामुळे तिथून तुला मला हाकलता आलेलं नाही.) नवं विमान छान आहे. नऊ सीटा, दोन इंजिनं, दोन्ही पंख्यांना झेंडूच्या माळा, आणि पोटावर 'मधुवंती एअर' एवढ्या मोठ्या अक्षरांत की म्वांझाच्या सरोवरातल्या मगरींनाही वाचता यावं. आपली आई रिक्षातसुद्धा दांडा धरून बसायची. तिचं नाव तू विमानाला दिलंस, यावर मी काही म्हणणार नाही. बघ, किती सुधारले आहे.

आफ्रिकेत खासगी विमान कंपनी कशी काढावी, याची तुझी रीत मात्र शिकण्यासारखी आहे. आधी लोगो, मग रिसेप्शनिस्ट, मग कॉफीचं मशीन, मग विमान, आणि जागा उरली तर इंजिनिअर. धंदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. म्वांझाहून खाणीवर जायला रस्त्याने जिथे दिवस जातो तिथे तू माणसाला डुलकी लागायच्या आत नेऊन सोडतोस, आणि ती गरज खरी आहे. आधी सिंगापूरच्या थंडगार ऑफिसात बसून तू श्रीमंतांच्या जेटना कर्ज द्यायचास, त्यापेक्षा हे काम नक्कीच जास्त पुरुषार्थाचं. मंडळाच्या गणपतीत मी तुझ्यावर तो विनोदी लेख वाचला तेव्हाही हेच म्हटलं होतं. लोक हसले, तू उठून गेलास, पार टांझानियापर्यंत गेलास. लेख चांगलाच होता.

आता मुद्दा. विमानाच्या नाकाशी दोन बारीक नळ्या असतात. त्यांत वारा शिरतो, आणि त्यावरून आत बसलेल्याला वेग कळतो. एक नळी कॅप्टनच्या काट्यासाठी, एक शेजारच्या पायलटच्या. विमान उभं असताना त्यांच्यावर लाल कापडी पिशव्या घालतात. तुझ्या जुन्या फोटोंत त्या आहेत. दसऱ्याच्या फोटोंत नाहीत.

वल्लरीला विचारलं. ती म्हणाली, "मामा म्हणाला, पूजेच्या वेळी वाहनाचं तोंड बांधलेलं नको. अशुभ दिसतं."

"बरं, पूजा झाल्यावर परत घातल्या ना?"

"आय थिंक सो, मा."

सिंगापूरच्या शाळेत शिकलेलं पोर 'आय थिंक सो' म्हणालं की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे तुला सांगायला नको.

एवढंच बघ. पिशव्या घाल.

तुझी ताई


यिशुन, १२ ऑक्टोबर

चि. यशोधन,

पत्र पोचल्याचं वल्लरीकडून कळलं. कॅप्टन श्रीनिवासना मोठ्याने वाचून दाखवलंस म्हणे, आणि मगरींच्या वाक्याला दोघंही पोट धरून हसलात. "ताईची लेखणी अजून तशीच," असंही म्हणालास. आभारी आहे. नळ्यांचा परिच्छेद वाचलास की तेवढ्यात चहा आला?

यापुढची पत्रं मी लिहून त्यांचा फोटो वल्लरीला पाठवणार आहे. ती छापून तुझ्या टेबलावर ठेवेल. कुरियरवर माझा विश्वास आहे, खाणीच्या पाहुण्यांना न्यायच्या तुझ्या घाईवर नाही.

आता कालचा फोटो. तुझ्या विमानाच्या चाकाच्या दांड्यावर कुंभारीण माशीने घर केलंय. मातीचं, गुळगुळीत, एकाला एक लावलेल्या मडक्यांसारखं. खाली तू लिहिलंस, 'शुभशकुन! आई आली.' अनघाने लिहिलं, 'अय्या, पाळणा हलणार कोणाचा तरी!' मग सगळ्यांनी मिळून वल्लरीचं लग्न ठरवलं. साठ नमस्कार आणि लग्नाचे लाडू, सगळं त्या एका माशीच्या जिवावर.

मी विसरलेले नाही रे. कर्वेनगरच्या घरात देवघराच्या कोपऱ्यात तिने घर केलं होतं आणि आईने रंगाऱ्याला तो कोपरा सोडून रंग लावायला लावला होता. तू पोटात होतास. "कुंभारणीने आणलेला मुलगा" असं तुला बारा वर्षांचा होईपर्यंत म्हणायची. मला कोणी आणलं ते कधी बोलली नाही. मी बहुधा स्वतःहून आले.

पण ती माशी देवघरात घर करते तेव्हा ती शकुन असते. विमानावर करते तेव्हा ती फक्त माशी असते. तिला बारीक, काळोखी, कोरडी भोकं आवडतात. जिथे तिचं एक घर दिसतं तिथे न दिसणारी आणखी असतात.

मी सेलेटार विमानतळावर हँगरवाल्यांच्या कंपनीत हिशेब बघते, स्क्रू-ड्रायव्हर कुठून धरायचा तेही मला माहीत नाही, हे मान्य. पण कोविडमध्ये आमच्याकडे एका शेठजींचं जेट पडून होतं आणि कोणीतरी एका नळीचं टोपण घालायला विसरलं होतं. ती उघडली तेव्हा साहेबांनी अकाउंट्ससकट सगळ्यांना खाली बोलावून दाखवली. बाहेरून भोक स्वच्छ होतं. आत बोटभर चिखल पक्का बसलेला, आणि चिखलात ती पिलांसाठी ठेवते तसे मेलेले कोळी. त्या दिवशी कँटीनमध्ये कोणी जेवलं नाही.

तुझं विमान नैरोबीहून आलं ते दसऱ्याआधी. पहिलं उड्डाण पाडव्याच्या मुहूर्तावरच व्हायचं म्हणून पूजेपासून उघड्या नाकाने उभं आहे. तू मुहूर्ताची वाट बघतोयस. कुंभारीण कशाचीच वाट बघत नाही.

ताई


यिशुन, १७ ऑक्टोबर

चि. यशोधन,

तुमची चीफ इंजिनिअर नेएमा राजीनामा देऊन गेली, हे मला वल्लरीने सांगितलं नव्हतं. काल बोलता बोलता निसटलं. नेएमाने चाकावरचं ते घर खरवडायला घेतलं आणि तू चार लोकांसमोर तिच्या हातातलं हत्यार काढून घेतलंस. "ये मेरी माँ है," म्हणालास. हिंदीत! ती बिचारी स्वाहिली आणि इंग्रजी बोलणारी. तिने काय समजायचं? तिने एवढंच समजलं की या माणसाच्या विमानाला आपली सही नको. शहाणी बाई.

नवा इंजिनिअर नाताळपर्यंत मिळेल म्हणे. पाडवा बुधवारी आहे.

इथली गंमत ऐक. आमच्या मजल्यावर जिन्याशी गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. शेजारच्या लिम आंटीने टाउन कौन्सिलला फोन केला, "कम क्विक लाह," एवढंच म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत माणूस पाइप घेऊन हजर. मी दाराच्या फटीतून बघत होते. माश्या टपाटप खाली पडत होत्या आणि मला पहिल्यांदाच या देशाचा निर्दयपणा हवाहवासा वाटला.

वल्लरीला मी फोनवर छळलं, हे ती तुला सांगेलच. मी विचारलं, नळी बुजलेली असली तर तुम्हाला कळतं कसं? तिने समजावलं. विमान धावपट्टीवर पळायला लागलं की शेजारी बसलेल्या पायलटने, म्हणजे तिने, काट्याकडे बघायचं. काटा हलला की म्हणायचं, "एअरस्पीड अलाइव्ह."

"आणि नाही हलला तर?"

"देन आय से स्टॉप."

"कॅप्टन श्रीनिवासना? ते तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत."

"प्रोसीजर आहे, मा. रिलॅक्स लाह."

मी रिलॅक्स झाले नाही. तुझी भाची आहे, पण तू तिला ओळखत नाहीस. दुकानात सुट्टे कमी दिले तर परत मागत नाही. सेकंडरी स्कूलमध्ये टीचरने दुसऱ्याचंच नाव घेऊन हाक मारली तर वर्षभर त्या नावाला ओ देत होती. प्रबोधचं म्हणणं, घरात एक जीभ पुरे. ती एक माझी होती, म्हणून तिची वाढलीच नाही. अशा मुलीने, नारळ फुटल्यावर, खाणीचे पाहुणे मागे बसलेले असताना, तू स्वतः मागे बसलेला असताना, मुहूर्तावर 'थांबा' म्हणायचं. आपल्याकडे बाहेर निघालेल्याला 'कुठे' विचारत नाहीत, आणि हिने 'थांबा' म्हणायचं!

तिला उड्डाणाचे तास हवेत, तासांशिवाय कुठलीच एअरलाइन दारात उभं करत नाही, म्हणून ती तुझ्याकडे आली. तू तिला घेतलंस ते प्रेमाने की मला टोचायला, हे मी विचारत नाही. पण आहे ती एकच, यशोधन. हँगरमध्ये जुनं मोडून नवं जोडता येतं. तसं नाही हे.

ताई


यिशुन, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

यशोधन,

वल्लरी म्हणाली, मागचं पत्र तू वाचलंस आणि म्हणालास, "ताईला दिवाळी अंकासाठी मजकूर कमी पडला असेल." गांधीलमाश्यांचा भाग तुला आवडला म्हणे.

या पत्रात एकही विनोद नाही. तरी शोधशील, म्हणून आधी सांगितलं.

उद्या उडायच्या आधी दोन्ही नळ्या उघडून आतून तपासून घे. बाहेरून बघून कळत नाही. तुझ्याकडे इंजिनिअर नसेल तर म्वांझाच्या विमानतळावर दुसऱ्या कंपनीचा असेल. त्याला बोलाव. उशीर होईल. पाहुणे चिडतील. पाडव्याचा मुहूर्त दिवसभर असतो, हे तुलाही माहीत आहे.

आईची शपथ घालणार नाही. आई तुझ्या बाजूची आहे असं तुला वाटतं.

मी विनंती करते आहे.

नीता


यिशुन, २४ ऑक्टोबर

चि. यशोधन,

परवा काय झालं ते मला तिघांकडून कळलं आणि तिघांचं वेगवेगळं आहे, म्हणून मी मला कळलेलं लिहिते.

नळ्या कोणी उघडल्या नाहीत. सकाळी कॅप्टननी टॉर्च मारून बाहेरून बघितल्या आणि 'क्लियर' म्हणाले. नारळ फुटला. पाहुणे बसले, तू त्यांच्यामागे. विमान पळायला लागलं. कॅप्टनचा काटा हलला. वल्लरीचा हलला नाही.

ती "स्टॉप" म्हणाली. इतक्या हळू, की कॅप्टननी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि पोरगी काहीतरी म्हणते आहे असं समजले. पट्टी संपत आली होती. पुढे सरोवर. तेव्हा ती मराठीत ओरडली. "काका, थांबवा म्हणते ना!"

थांबलं. खडीत घुसून, पाण्याअलीकडे थांबलं. एका पाहुण्याच्या कपाळाला खोक पडली. बाकी सगळे आपापल्या पायांनी उतरले.

तिच्या बाजूची नळी चिखलाने भरलेली निघाली.

त्या रात्री तुझा मेसेज आला. चार वर्षांनी. मी दोनदा वाचला, मग प्रबोधला वाचायला दिला, कारण मला चष्म्यातून दिसेना. 'मी मागे बसलो होतो. क्षणभर वाटलं, ताई विमानात आहे. तुझीच मुलगी. जीभ तीच. उद्यापासून तिने येऊ नये.'

पहिल्या चार वाक्यांना मी रडले. पाचव्याला नाही.

मग काल, भाऊबीजेला, ग्रुपवर तुझं लांबलचक निवेदन. कॅप्टनचा काटा व्यवस्थित होता, विमान उडालंच असतं, मुलगी नवखी, घाबरली. आणि तरीही कोणाला काही झालं नाही, का? कारण आई चाकावर बसली होती! शकुन खरा ठरला! आता मधुवंती एअरच्या कुठल्याही विमानावरचं कुंभारणीचं घर मोडायचं नाही, अशी तू सक्त ताकीद दिलीस. अनघाने निरांजनाचं चित्र टाकलं.

एवढी वर्षं मला वाटायचं, माणसाच्या मूर्खपणावर लिहायला मजा येते. येते. पण तो मूर्खपणा लांब कुठेतरी उभा असला तर.

वल्लरी आज सकाळी चांगी विमानतळावर उतरली. घरी आली, हॉकर सेंटरवरून आणलेलं वाडगाभर यॉन्ग ताउ फू अख्खं संपवलं, आणि झोपली. अजून झोपलेली आहे. मी मधूनमधून दार ढकलून श्वास बघते, ती तान्ही असताना बघायचे तसा.

ती म्हणाली, विमानाला फारसं काही झालेलं नाही. एक नळी साफ केली. दुसरी चालत होती म्हणून कोणी उघडली नाही. पिशव्या अजून पूजेच्या सामानातच आहेत. पाहुण्यांना तू त्रिपुरी पौर्णिमेचा मुहूर्त दिला आहेस, आणि तोवर विमान उभं.

म्हणून ही माझी उलटी ओवाळणी. सोबतच्या पुडक्यात लाल कापडाच्या दोन पिशव्या आहेत. सेलेटारच्या आमच्या स्टोअरमधून मापं घेतली, शिवल्या मी. त्यांना पिशव्या म्हणू नकोस. तोंड बांधणं तर मुळीच म्हणू नकोस. टोपडी म्हण. आईने तुला बांधायची तशी, हनुवटीखाली नाडी असलेली. म्हणून मी नाड्याही लावल्या आहेत. तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून टोपडं घालतात, त्यात काही अशुभ नाही. कुंभारणीने आणलेल्या बाळालाही आईने घातलंच होतं.

तुझी समजूत मला मान्य नाही. पण तिच्यात टोपड्याला जागा आहे, एवढं तरी मान्य कर.

तुझी ताई


यिशुन, ३ नोव्हेंबर

चि. यशोधन,

पुडकं मिळालं, हे ग्रुपवरच्या फोटोवरून कळलं.

हँगरच्या दारावर तू माझ्या टोपड्यांचं तोरण केलंस. मध्ये आंब्याची पानं, दोन बाजूंना दोन टोपडी. 'ताईने चार वर्षांनी पाठवलेली भेट. डोळे भरून आले.' मागे विमान उभं. नाक उघडं.

तुझे डोळे खरंच भरून आले असणार. तुला ओळखते मी. तू वाईट असतास तर मला झोप लागली असती.

फोटोत तुझ्याशेजारी एक मुलगा आहे. वल्लरीच्या जागी आलेला, तन्मय, पुण्याचा. तू लिहिलंस, 'अतिशय संस्कारी. मोठ्यांसमोर मान वर करून बोलत नाही.' खाली सगळ्यांनी कौतुक केलं.

माझा नंबर तू पुन्हा ब्लॉक केला आहेस. ठीक आहे. हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवायला आता तिथे माझं कोणी नाही. तरीही लिहिलं. सवय.

ताई


यिशुन, ४ नोव्हेंबर

चि. तन्मय,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या यशोधनसरांची मोठी बहीण, नीता. तुझा नंबर वल्लरीने दिला, तुझ्या आधी त्या सीटवर बसणाऱ्या माझ्या मुलीने. तुला तिकडे माझी पत्रं वाचून दाखवली गेली असतील, म्हणजे मी विनोदी आहे असं तुला वाटत असेल. आत्ता तसं समजू नकोस.

उद्या सकाळी उठून दोन्ही नळ्या उघडून दाखवा, असं सांग. सांगता आलं नाही तर सांगू नकोस, मला राग येणार नाही. मोठी माणसं भोवती असताना ते जमत नाही, हे मला घरातल्या घरात ठाऊक आहे.

पण पट्टीवर विमान पळायला लागलं की दोन्ही काट्यांकडे बघ. दोन्ही हलायला हवेत, आणि दोघांनी एकच सांगायला हवं. तसं झालं नाही तर इंग्रजीत बोलू नकोस. इंग्रजीत आपण सगळे फार सभ्य होतो. लहानपणी चुलीकडे हात नेलास तेव्हा तुझी आई जशी ओरडली असेल, तसं ओरड. नारळ, पाहुणे, पौर्णिमा, सर, काही बघू नकोस. उद्धट म्हणतील. काढून टाकतील. घरी येशील.

वल्लरी इथे शेजारी बसली आहे. ती म्हणते, मा, त्याला सांग, पहिल्यांदा आवाज निघत नाही. दुसऱ्यांदा निघतो.

आत्ता तिकडे दुपार असेल. खोलीत कोणी नसेल तर एकदा ओरडून बघ, तन्मय. आणि ओरडलास की मला कळव. मी फोन हातात धरून बसले आहे.

नीतामावशी